आईचा मोबाईल

त्यांचं नाव मला अकरा महिने माहीत नव्हतं. आता माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही. इतक्या उशिरा कळलेलं नाव मिरवण्यात काही अर्थ नाही. आमच्या रविवारच्या वर्गात पडद्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्याखाली त्याचं नाव दिसे. यांच्या चेहऱ्याखाली लिहिलेलं असे, ‘आईचा मोबाईल’. सत्तरीकडे झुकलेला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि खाली ‘आईचा मोबाईल’. पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नाही. पुढे सवय झाली आणि माघारी सगळे त्यांना तेच म्हणू लागलो. तोंडावर मात्र काका.

वर्ग म्हणजे आमचा अभ्यासगट. घरचा पैसा कसा सांभाळावा, कुठे ठेवावा, कशाला भुलू नये, हे एकत्र शिकायचं. मी ज्युनियर कॉलेजात कॉमर्स शिकवते, त्यामुळे ही हौस माझीच. दर रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉलवर जमायचं, पुस्तकातलं एक प्रकरण वाचून यायचं, त्यावर बोलायचं आणि गृहपाठ घेऊन उठायचं. फी नाही. अकराची वेळ अशासाठी, की रविवारी सकाळी नऊला नागपूरच्या माणसाला तर्री-पोह्याच्या ठेल्यावरून उठवणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. तीसेक माणसं यायची. कोणाचा आवाज चालू ठेवायचा आणि कोणाचा बंद करायचा, हे माझ्या हातात होतं. आठवडाभर साठ पोरांपुढे घसा फोडणाऱ्या बाईला असलं बटण मिळालं की तिचं काय होतं, ते दुसऱ्या शिक्षकालाच कळेल.

काका वर्गात आले ते चुकूनच. त्यांच्या बायकोच्या बचत गटाच्या ग्रुपवर कोणीतरी आमच्या वर्गाची लिंक टाकली होती. ती त्यांनी दाबली आणि थेट आमच्यात येऊन बसले.

“ह्या फोनवर जे येते ते मी उघडून पाहतो जी,” ते पहिल्याच दिवशी म्हणाले.

“सगळं?”

“सगळं. बायांचे गुड मॉर्निंग बी पाहतो. उभी गाडी सडते, मॅडम. फोनचं बी तसंच असते. चालता ठेवा लागते.”

फोन बायकोचा होता. ती जाऊन चार महिने झाले होते. हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं आणि विचारलं, “आता कोणतं पान काढाचं?”

उमरेडच्या बस डेपोत ते चौतीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर नागपुरात हुडकेश्वरला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. पुस्तकातली कोणतीही गोष्ट बसखाली नेल्याशिवाय त्यांच्या गळी उतरत नसे. अडीनडीसाठी बाजूला ठेवायचा पैसा म्हणजे स्टेपनी. विमा म्हणजे हँडब्रेक, “घाटात कामी येते, सपाटीवर लोक इसरून जातात.” शेअर बाजाराचं प्रकरण झालं तेव्हा म्हणाले, “हे उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडनं हाय. पोचते बी, पन ड्रायव्हरले झोप लागाले नाही पाहिजे.” आमच्यातला मंगेश बँकेत होता आणि जिभेचा तिखट. तो या वाक्यांची वाटच पाहत असे. कोणी काही बोललं की हा विचारी, “काका, याले बसमध्ये का म्हणतात?” काकाही न रागावता सांगत.

पण त्यांच्या स्टेपनीने एक घर वाचवलं, हे सांगायला हवं. दर रविवारी उठायच्या आधी ते एकच पालुपद लावायचे. “स्टेपनी काढून पाहा रे बाबाहो. मांगं लटकून हाय म्हणून भरोसा ठेवू नका. वेळेवर तिच्यातलीच हवा गेलेली निघते.” आम्ही कंटाळायचो. शेवटी वर्गातल्या वंदनाताईंनी कंटाळूनच कपाटातून नवऱ्याची विम्याची पॉलिसी काढली, तर हप्ता दीड वर्षापासून भरलेलाच नव्हता. त्यांनी धावपळ करून ती सुरू करून घेतली. पुढच्या खेपेला त्या पडद्यावर रडल्या. काका गोंधळून म्हणाले, “रडाले का झालं? हवा भरली न आता?”

एकदा मी आगाऊपणा केला. वर्ग चालू असताना त्यांच्या चेहऱ्याखालचं नाव बदलून ‘हुडकेश्वरचे काका’ करून टाकलं. माझ्या मते मी मान देत होते. दहा मिनिटांनी त्यांच्या ते लक्षात आलं आणि माणूस कासावीस झाला. “मॅडम, माह्या फोनचं नाव कोठी गेलं?” तीनदा विचारलं. मी समजावलं की हे फक्त आजपुरतं आहे, पुढच्या वेळी जुनंच दिसेल. पुढच्या रविवारी ते साडेदहालाच येऊन बसले होते. मी आल्याबरोबर म्हणाले, “आलं वापस. आता असं करजा नका जी पुन्हा.” आवाज कधी नव्हे तो कडक होता. म्हातारपणीचा हट्ट, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

एका गृहपाठात प्रत्येकाने आपलं उद्दिष्ट लिहायचं होतं. कोणी मुलीचं शिक्षण लिहिलं, कोणी घराचं कर्ज फेडणं, मंगेशने थायलंड. काकांनी चौकटीच्या कागदावर टपोऱ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यापुढे धरलं, ‘फोन उचलणे’.

“काका, त्याले पैसे नाही लागत,” मंगेश म्हणाला.

“पैसे नाही लागत. पन बसून राहा लागते.”

सगळे हसले. मीही हसले आणि त्यांना समजावून सांगितलं की उद्दिष्ट आर्थिक हवं. त्यांनी मान डोलावली, पण कागद बदलला नाही. वर्गात कोणाचाही फोन वाजला की ते दचकून स्वतःच्या फोनकडे वाकून पाहत, हेही मी तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं होतं, विचारलं नव्हतं. माझ्या वर्गात प्रश्न विचारायचे असतात, असं मी पहिल्याच दिवशी ऐटीत सांगितलं होतं.

त्यांच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. वीज आली की ती घरघरायला लागे आणि काकांनी तोंड उघडलं की गिरणीही बोलायला लागे. बाकीच्यांच्या कानाला त्रास नको म्हणून मी त्यांचा आवाज बंद करत असे. आधी “काका, एक मिनिट हं” असं सांगून करायचे. मग सांगणं सुटलं. अंगठ्याला सवयच लागली.

आता त्या रविवारचं सांगते. टाळण्यासारखं असतं तर टाळलं असतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमची छाटणी असे. ही कल्पना माझीच, आणि तिचा मला भारी अभिमान. एका सभासदाने आपल्या महिन्याच्या खर्चाची यादी सगळ्यांपुढे ठेवायची. गटाने त्यातला एक खर्च निवडायचा. मग सभासदाला दोन मिनिटं बाजू मांडायला मिळत. त्यानंतर अंगठे. बहुमताने ठरलं तर तो खर्च त्याने पुढच्या रविवारच्या आत छाटायचा, आणि पुरावा दाखवायचा. कोणाचं रोजचं हॉटेल सुटलं, कोणाचं जिम सुटलं जिथे तो जातच नव्हता. लोक खूश होते.

काकांच्या यादीत छाटण्यासारखं होतंच काय? दूध, किराणा, बीपीची गोळी, वीज. आणि दोन रिचार्ज. एक त्यांच्या बटणांच्या डबड्या फोनचा आणि एक या आईच्या मोबाईलचा.

“माणूस एक, सिम दोन?” मंगेश म्हणाला. “काका, तुमचं सिम ह्या मोठ्या फोनात टाका न. काकूंचं बंद करा. कायले भरता?”

मुद्दा बिनतोड होता. मी फळ्यावर लिहावं तसं पडद्यावर लिहिलं आणि म्हटलं, “आता काकांची दोन मिनिटं.”

काका सावरून बसले. शर्टाची कॉलर सारखी केली. त्यांनी पहिला शब्द काढला आणि गिरणी सुरू झाली. माझा अंगठा आपोआप पडला.

ते बोलत राहिले. ओठ हलत होते, एकदा हात वर झाला, एकदा त्यांनी फोनकडे, म्हणजे आमच्याचकडे, बोट केलं. मी हे पाहत होते, खोटं का बोलू? मला वाटलं, स्टेपनी चालू असेल. गिरणी थांबली की पुन्हा विचारू, असंही वाटलं. पण दुपारी एकला माझ्या भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, साडी नेसायची होती आणि घड्याळाकडे माझं अर्धं लक्ष होतं. तेवढ्यात मंगेश म्हणाला, “काका बिना आवाजाच्या बातम्या देऊन राहिले.” सगळे खो-खो हसले. गिरणीच्या घरघरीत काकांना शब्द कळले नसावेत, हसणं तेवढं दिसलं. ते क्षणभर थांबले, आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बोलू लागले. मग त्यांचं बोलणं संपलं असावं, कारण ते हात जोडून बसले.

मी अंगठे मागितले. सगळ्यांचे वर. काका पडद्याकडे बराच वेळ पाहत होते. मग त्यांनीही आपला अंगठा वर केला.

पुढच्या रविवारी त्यांनी सेफ्टी पिनने फोनमधून काढलेलं ते नखाएवढं सिम कॅमेऱ्यासमोर धरून आम्हाला दाखवलं. “गृहपाठ झाला जी.” टाळ्या पडल्या. मी म्हटलं, “याला म्हणतात शिस्त. सगळ्यांनी काकांकडून शिका.” हे वाक्य आज आठवलं की मला तोंड लपवावंसं वाटतं.

आत सिम आता काकांचं होतं, पण फोन तोच, त्यामुळे पडद्यावरचं नावही तेच राहिलं. काका त्यानंतर काही महिने येत राहिले. पण शर्टाची इस्त्री गेली. मंगेशने छेडलं तरी बस निघेना. मग एका रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. चार रविवार गेल्यावर माझ्या लक्षात आलं, तेही अशासाठी की वर्षअखेरीची प्रमाणपत्रं छापायची होती आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. सुरुवातीच्या माहितीच्या फॉर्मवर त्यांनी नावाच्या जागीसुद्धा ‘आईचा मोबाईल’ लिहिलं होतं. खाली त्यांच्या बटणांच्या फोनचा नंबर तेवढा होता.

वंदनाताई हुडकेश्वरलाच राहतात. त्यांनी गिरणीची खूण सांगितली. एप्रिलच्या उन्हात स्कार्फ गुंडाळून, कोरं प्रमाणपत्र डिकीत घालून मी स्कूटरने गेले. काकांनी दार इतक्या झटकन उघडलं, जसे दाराशीच उभे होते. मला पाहून चेहरा पडला, मग सावरला. “या जी, या. उन्हाचं काहून आल्या?” कूलरपुढे बसवलं, माठातलं पाणी दिलं. भिंतीवर काकूंचा फोटो होता आणि त्याखाली चिकटपट्टीने काहीतरी इवलंसं चिकटवलेलं होतं. ते सिम होतं.

“काका, वर्ग का सोडला?”

“सोडला नाही जी. रविवारी अकराले मले एक फोन करा लागते.”

“कोणाला?”

“तिच्या नंबरवाल्याले.”

मग ते सांगू लागले, गाडीतला बिघाड सांगावा तसं, क्रमाने. सिम काढल्यावर त्यांना चैन पडेना. काही महिन्यांनी ते रिचार्ज मारायला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, हा नंबर कंपनीने दुसऱ्याला देऊन टाकला. काकांनी आपल्या नंबरवरून तो लावला. कोणी यवतमाळकडचा किराणावाला निघाला.

“भला मानूस हाय. गिऱ्हाईक आटोपलं की अकराले मोकळा असते. दर रविवारी इचारतो त्याले, बाबा, माह्या पोरीचा फोन आला होता का. पयले नाही म्हणे. मंग एक दिवस म्हणे, हो, होळीच्या टायमाले एका बाईचा आला होता. आई हाय का, म्हणे. मी म्हटलं राँग नंबर, आन ठेवला.” काकांनी माझा रिकामा गिलास उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. “त्याचं काही चुकलं नाही जी. त्याले का मालूम? तिचा नंबर बी त्याच्या फोनात राहिला नाही तवापावतर. माहा नंबर देऊन ठेवला हाय त्याले. पुन्हा आला तं तो तिले देईन.”

“तुमच्या मुलीचा?” मी विचारलं. त्यांना मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं.

काकांनी आश्चर्याने पाहिलं. “त्या दिवशी सांगितलं होतं न मी तुमाले? दोन मिनिटं देल्ली होती तुमी, तवा. पोरीचं, तिच्या मायचं, सगळंच सांगितलं होतं. जिंदगीत पयल्यांदा सांगितलं चार लोकायले.”

मी मांडीवरच्या स्कार्फची घडी घालू लागले.

“काही जण हासले बी,” ते म्हणाले. “हासतीनच जी. बापच तसा निघाला तं लोक का करतीन? पन मंग सगळ्यायनं आंगठा वर केला. तवा म्हटलं, एवढे शिकलेले लोक, सगळं आयकून बी काढा म्हणून राहिले, तं आपलंच वाट पाहनं येडेपनाचं असन. म्हणून काढलं.”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण माझ्या तोंडून निघालं ते, “हो काका. आठवलं.” मग मी पेन काढून त्यांचं नाव विचारलं आणि प्रमाणपत्रावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि फोटोखाली उभं करून ठेवलं.

तीन रविवार मी तसेच काढले. वर्ग घ्यायचा, हसायचं, बोलायचं, आणि अंगठा बटणावर गेला की थबकायचं. काय सांगायचं, हेच कळेना. तुमचं कोणी ऐकलंच नव्हतं, असं सांगितलं तर कोणी हसलं नाही एवढं समाधान त्यांना मिळेल. पण मग ते सिम फुकटच गेलं, हेही कळेल. न सांगणं सोयीचं होतं. सोय मुख्यतः माझी होती.

चौथ्या रविवारी वर्ग संपवला आणि फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता. अर्धी रिंगही झाली नसेल.

“बोल, बेटा.”

मी फोन कानापासून दूर धरून लावलेला नंबर पुन्हा पाहिला.

“बोल न वं. मीच हाव. ठेवू नको.”

“काका,” मी म्हटलं, “मी मॅडम बोलते.”

“हो जी, मॅडम. बोला न.” त्या आवाजाबद्दल मला काही लिहिता येत नाही.

मी सगळं सांगून टाकलं. गिरणी सुरू झाली म्हणून मी तुमचा आवाज बंद केला होता. तुम्ही काय बोललात ते कोणालाच ऐकू आलं नाही. हसले ते मंगेशच्या बोलण्यावर. मला माहीत होतं आवाज बंद आहे, तरी मी पुन्हा विचारलं नाही, घाईत होते. त्या दिवशी तुमच्या घरी मी खोटं बोलले. माफी मागते, काका.

“म्हणजे कोणालेच मालूम नाही?”

“कोणालाच नाही.”

“तुमाले बी?”

“मलाही नाही.”

ते म्हणाले, “मंग आता सांगू का?”

“सांगा.”

त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं. पोरीने पहिल्या पगारातून आईला हा फोन घेऊन दिला होता आणि त्यात नाव तिनेच टाकलं होतं. सहा वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने लग्न केलं. पोरगा जातीतला नव्हता. काकांनी दारातूनच सांगितलं, तू आमाले मेली. तिने फोन करू नये म्हणून काकांनी स्वतःचा नंबर बदलून टाकला. ती मात्र वर्षा-सहा महिन्यांनी आईला फोन करायची. आई दोन घरांमधल्या सांदीत जाऊन बोलायची आणि नवरा पाहील या धाकाने तो नंबर लगेच पुसून टाकायची. त्यामुळे मुलगी कुठे आहे, तिचा नंबर काय, कोणालाच ठाऊक नाही. आई गेल्याचंही तिला ठाऊक नाही. धंतोलीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, पोरीचा फोन येईन. तुमी काही बोलू नका वाटलं तं, फक्त उचलजा.

“एवढंच काम देऊन गेली होती मले,” काका म्हणाले.

गिरणी मध्येच सुरू झाली. जे ऐकू आलं नाही ते मी पुन्हा विचारलं, आणि त्यांनी पुन्हा सांगितलं. सांगून झाल्यावर ते थोडे दमले होते.

“एक इचारू का, मॅडम? त्या दिवशी तुमाले हे आयकू आलं असतं, तं तुमी का म्हटलं असतं?”

“राहू द्या म्हटलं असतं, काका. ते सिम राहू द्या.”

“मी बी तं तेच म्हणून राहिलो होतो जी,” ते म्हणाले.